थोरांवरील हक्काबाबत: पुण्याच्या विद्यासंस्थांस अनावृत पत्र

पुणे शहर व परिसरातील महाविद्यालये, संशोधनसंस्था आणि माजी विद्यार्थी संघ यांचे चालक, विश्वस्त व पदाधिकारी यांचे सेवेशी,



दरवर्षी जून महिना आला, की आपापल्या संस्थांची माहितीपत्रके निघतात, आणि शताब्दी, सार्धशताब्दी असा काही योग जुळून आला तर त्यांच्या जोडीला गुळगुळीत कागदावरची जाडजूड स्मरणिकाही निघते. या साऱ्या वाङ्मयात एक पान असे असते, की जे कोणी तपासून लिहीत नाही आणि जे गाळण्याची छातीही कोणाला होत नाही. ‘आमची उज्ज्वल परंपरा’ अशा काहीशा मथळ्याखाली त्या पानावर नावांची एक फेरिस्त दिलेली असते. लोकमान्य टिळक, आगरकर, गोखले, विश्वेश्वरय्या, सावरकर, दोन पंतप्रधान, चार-सहा नटनट्या आणि अखेरीस ‘इत्यादी’. मी या शहरात वाढलो, येथेच शिकलो आणि पुढे बरीच वर्षे येथील ग्रंथालयांत बसून चरित्रलेखकांची हमाली केली. त्या धंद्यात ही पाने इतक्या वेळा हाताखालून गेली, की त्यांबद्दल आपल्याशी एकदा स्पष्ट बोलावे असे पुष्कळ दिवस मनात होते. पत्र उघड लिहितो आहे, कारण तक्रार कोणा एका संस्थेची नाही.

थोरांवर हक्क सांगण्यास माझी हरकत नाही, हे प्रथमच नमूद करतो. ज्या गावाची उपजीविका विद्येवर चालते त्याने विद्यावंतांची नावे मिरवावीत हे रास्तच आहे आणि जगभर तसे चालतेही. जर्मनीतील गॉटिंगेन या विद्यापीठनगरीत तर विद्वान ज्या घरांत राहिले त्या घरांच्या भिंतींवर संगमरवरी फलक बसविण्याचा जुना शिरस्ता आहे. पण त्या फलकावर काय कोरतात ते आपण पाहावे. नाव, व्यवसाय, आणि त्या घरात वास्तव्य केल्याची वर्षे. विशेषण एकही नाही. आपल्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकविणारे, पतंजलीच्या महाभाष्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारे फ्रान्झ कीलहॉर्न १८८० नंतर पुणे सोडून जेथे प्राध्यापक झाले ते गाव हेच. आमच्याकडील फलकांवर विशेषणे सगळी असतात. वर्षे मात्र नसतात.

माझी पहिली तक्रार या वर्षांचीच आहे. गोपाळ कृष्ण गोखले हे नाव घ्या. ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले, काही काळ डेक्कन कॉलेजात होते, पदवी त्यांनी १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून घेतली, आणि मासिक ७५ रुपयांवर आयुष्याची उमेदीची वर्षे वेचली ती फर्ग्युसनमध्ये शिकविण्यात. चारही संस्थांना त्यांच्यावर हक्क आहे, परंतु चारही हक्क एका जातीचे नव्हेत. एकीने त्यांना घडविण्यास आरंभ केला, एकीने पदवी दिली, आणि एकीने त्यांच्याकडून घेतले, तेही अत्यल्प मोबदल्यात. आपल्या यादीत मात्र ते सर्वत्र सारखेच ‘आमचे गोखले’ असतात, लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यात छापलेल्या दूरच्या मामांप्रमाणे, ज्यांचे नाते नेमके कोणत्या बाजूचे ते यजमानालाही सांगता येत नाही.

एडविन आर्नल्ड यांचे उदाहरण याहून बोलके आहे. बुद्धचरित्रावरील ‘लाइट ऑफ एशिया’ या जगप्रसिद्ध काव्याचा कर्ता पुण्याच्या सरकारी महाविद्यालयाचा प्राचार्य होता हे खरे, पण त्यांनी १८६१ साली हे शहर सोडले, काव्य प्रसिद्ध झाले १८७९ साली इंग्लंडात, आणि येरवड्याच्या ज्या देखण्या दगडी इमारतीच्या वऱ्हांड्यात उभे राहून हौशी मार्गदर्शक त्यांचे नाव घेतात ती इमारत त्यांच्या प्रयाणानंतर उभी राहिली. आर्नल्ड यांनी येथे असताना संस्कृताशी जो परिचय केला त्याचा त्या काव्याशी काही संबंध असू शकेल. तो संबंध कोणी अभ्यासाने दाखविला तर मी तो आनंदाने वाचीन. पण वऱ्हांड्याकडे बोट दाखविणे हा अभ्यास नव्हे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचा धर्मशास्त्राचा इतिहास १९३० ते १९६२ या काळात भांडारकर संस्थेने खंडशः प्रसिद्ध केला, ही केवढी अभिमानाची गोष्ट! पण काणे वकिली करीत होते मुंबईस. प्रकाशकाचा मान लहान नाही. तो प्रकाशकाचा म्हणून सांगावा एवढेच.

उलट जेथे हक्क खणखणीत आहे तेथे आपण उदासीन असता. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या म्हैसूरकडून शिष्यवृत्तीवर पुण्यास आले आणि १८८३ साली येथील अभियांत्रिकी महाविद्यालयातून पहिल्या क्रमांकाने बाहेर पडले. पाण्याची पातळी एका मर्यादेपलीकडे गेली, की आपोआप उघडणारे आणि पाणी उतरले, की आपोआप मिटणारे त्यांचे दरवाजे प्रथम बसविले गेले ते १९०३ साली खडकवासल्याच्या धरणावर. ग्वाल्हेर आणि म्हैसूर संस्थानांत तीच योजना पुढे गेली. बंगळूरने त्यांचे पुतळे उभारले ते उभारोत. परंतु पुण्यात शिकलेल्या विद्यार्थ्याची कल्पना पुण्याच्याच पाणवठ्यावर प्रथम उतरली, हे शहरातून दहा-बारा मैलांवर जाऊन प्रथम वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला धरणाच्या भिंतीशी समजावून सांगण्याचा रिवाज पडावा, यासाठी पुतळ्याइतकाही खर्च येणार नाही. पुण्याकडे येणारी लक्षावधी माणसे त्या भिंतीजवळच्या चौपाटीवर कणसे खाऊन परततात.

आता दुसरी तक्रार, आणि ती काहीशी जिव्हारी लागेल हे जाणून लिहितो. आपल्या परंपरेच्या पानावर कधी कोणाचे कोणाशी भांडण झालेले नसते. वास्तविक या शहराच्या विद्याजीवनाचा इतिहास हा बव्हंशी भांडणांचा इतिहास आहे आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. लाजिरवाणे आहे ते लपविणे. ज्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे टिळक हे संस्थापकांपैकी एक, तिचा त्यांनी १८९० साली राजीनामा दिला आणि तो देताना आपली बाजू मांडणारे प्रदीर्घ निवेदन लिहिले. त्यागाचा अर्थ काय, आजीव सदस्याने संस्थेबाहेर मिळकत करावी की नाही, सहकाऱ्यांनी परस्परांवर किती विश्वास ठेवावा, असे आजही प्रत्येक संस्थेच्या कार्यकारी मंडळाला छळणारे प्रश्न त्यात आहेत. असा दस्तऐवज स्मरणिकेत छापण्याऐवजी आपण टिळकांचे पगडीतले चित्र छापता. आगरकर १८९२ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १८९५ पर्यंत, फर्ग्युसनचे प्राचार्य होते. याच आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढणारे शहरही हेच, आणि ती त्यांच्या दारावरून नेणारी मंडळी निरक्षर नव्हती.

सावरकरांविषयी लिहिताना हल्ली माणसे दोन फळ्यांत वाटली जातात, म्हणून मी केवळ घडले ते सांगतो. १९०५ साली विदेशी कापडाची होळी झाली. तीत पुढाकार घेतल्याबद्दल फर्ग्युसनच्या विनायक सावरकर नामक विद्यार्थ्याला महाविद्यालयाने दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढून टाकले. प्राचार्य होते रँग्लर र. पु. परांजपे, केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत १८९९ साली सर्वप्रथम आलेले पहिले हिंदी गृहस्थ. टिळकांच्या ‘केसरी’ने त्या शिक्षेवर सडकून टीका केली. आज त्याच वसतिगृहातील त्या विद्यार्थ्याची खोली स्मारक म्हणून जपली जाते, आणि परांजप्यांचे नावही त्याच संस्थेच्या अभिमानाच्या यादीत असते. दोन्ही योग्यच. माझी विनंती एवढीच, की त्या खोलीच्या दाराशी दंडाची ती हकीकत, परांजप्यांनी तसे का केले आणि टिळकांना ते का रुचले नाही, यांसह मोठ्या अक्षरांत लावावी. संस्थेने ज्याला बाहेर काढले त्याला ती पुढे मानाने आत घेते, ही गोष्ट विद्यार्थ्यांना कळली तर शिस्त बिघडेल अशी भीती आपणांस वाटत असावी; मला तर वाटते, की ती कळल्याने प्राचार्यांना आपल्या आजच्या हुकूमनाम्यांविषयी थोडा विचार करावासा वाटेल.

फुले दांपत्याच्या बाबतीत तर संकोचाने मान खाली जाते. १८४८ साली ज्या भिडेवाड्यात मुलींची शाळा भरली तो वाडा आम्ही डोळ्यांदेखत खचू दिला. तो मोडकळीस येऊन, त्यावरून वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या होऊन, अखेर २०२३ साली पाडण्यात आला, आणि आता तेथे स्मारक व्हायचे आहे. मधल्या काळात, २०१४ साली, विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव देण्यात आले. नाव देण्यास एक ठराव पुरतो. वाडा राखण्यास दरवर्षी कौले फिरवावी लागतात.

तिसरी गोष्ट कृतींविषयी. शहरे माणसांप्रमाणेच कृतींवरही हक्क सांगतात. ‘संत तुकाराम’ हा बोलपट पुण्याचा, असे आपण म्हणतो, कारण प्रभात कंपनी १९३३ साली येथे आली आणि १९३६ साली चित्र येथे निघाले; कोल्हापूरकर म्हणतात कंपनी १९२९ साली आमच्याकडे जन्मली. दोघेही खरे बोलतात, म्हणून तो वाद मी त्यांच्यावरच सोपवितो. बॅडमिंटनच्या खेळाविषयी आमच्या लष्करभागातील मंडळी जे सांगतात त्याबद्दलही मी मौन पाळतो. पण महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीविषयी गप्प राहवत नाही, कारण विसाव्या शतकात या शहरात झालेले सर्वांत मोठे काम कोणते असे मला कोणी विचारले, तर मी ना पूल सांगेन ना कारखाना. मी ही आवृत्ती सांगेन.

ते काम कसे चालले, हे आपल्या किती पदवीधरांस ठाऊक आहे? देशातून आणि देशाबाहेरून मिळविलेल्या १२५९ हस्तलिखितांचा त्यासाठी उपयोग झाला. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतील त्या पोथ्या. बारीक चौकटी आखलेल्या कागदावर वरच्या ओळीत नीलकंठाचा प्रचलित पाठ लिहायचा, एका चौकटीत एक अक्षर. मग खाली एकेका पोथीसाठी एकेक ओळ, आणि जेथे जेथे पोथीतले अक्षर वरच्या अक्षराहून वेगळे, तेथे तेथे त्या चौकटीत ते वेगळे अक्षर. असे श्लोकामागून श्लोक, पर्वामागून पर्व. १९१९ साली रामकृष्णपंत भांडारकरांनी प्रारंभ केलेले आणि १९२५ पासून विष्णु सीताराम सुखटणकरांनी शास्त्रशुद्ध पायावर उभे केलेले हे काम १९६६ साली राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. सुखटणकर केंब्रिजला गणित आणि बर्लिनला संस्कृत शिकलेले. १९४३ च्या जानेवारीत, मुंबई विद्यापीठातील आपल्या महाभारतविषयक व्याख्यानमालेचे अखेरचे पुष्प गुंफण्यापूर्वीच, ते गेले. पाठ जुळविण्याची केंद्रे शांतिनिकेतन आणि तंजावर येथेही होती. विराटपर्व संपादिले लाहोरच्या रघु वीरांनी, उद्योगपर्व डाक्क्याच्या सुशीलकुमार दे यांनी, आणि सभापर्व अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या फ्रँकलिन एजर्टन यांनी. पैशाची बाजू औंधच्या पंतप्रतिनिधींनी उचलली तशी निजामानेही उचलली. पुण्याचा खरा मोठेपणा येथे आहे. लाहोर, डाक्का आणि येल यांना एका टेबलाशी बसविण्याइतका विश्वास या शहराने एके काळी संपादन केला होता. ‘महाभारताची आवृत्ती आम्ही केली’ एवढ्या वाक्यात हा मोठेपणा हरवतो, आणि त्या चौकटींत अक्षरे भरणारे, नाव कोठेही नसलेले शास्त्री व कारकून तर सर्वांत आधी हरवतात. त्यांच्या नावांची यादी भांडारकर संस्थेच्या वार्षिक अहवालांतून काढून एका फलकावर लावणे अशक्य नाही.

यावरून चौथ्या मुद्द्याकडे येतो, आणि येथे माझा स्वर थोडा चढला तर क्षमा असावी. अशा याद्या काढायच्या तर दफ्तर हवे, आणि दफ्तर उघडे हवे. मध्यंतरी येथील एका जुन्या महाविद्यालयात, नाव सांगत नाही, एका दिवंगत लेखकाच्या प्रवेशाची नोंद पाहण्यासाठी मी रीतसर अर्ज केला. कार्यालयाने कळविले, की जनरल रजिस्टरातील वैयक्तिक माहिती पाहावयाची असल्यास संबंधित विद्यार्थ्याचे संमतिपत्र जोडावे. संबंधित विद्यार्थ्याच्या निधनाला अर्धशतक उलटून गेले होते. पुढे एका सज्जन शिपायाच्या कृपेने पोटमाळ्यावरचा गठ्ठा खाली आला, त्यावरची नाडी सोडली, आणि रजिस्टर उघडले तर कसरीने पानांच्या आरपार वाट काढलेली. नाव, जन्मगाव, पूर्वीची शाळा हे रकाने शाबूत होते. शेवटचा, ‘महाविद्यालय सोडण्याचे कारण’ हा रकाना तेवढा कसरीच्या पोटात गेला होता. आणि चरित्रकाराला नेमका तोच हवा होता. त्याच महाविद्यालयाच्या प्रवेशद्वारावर त्या लेखकाचे नाव पितळी अक्षरांत आहे, हे सांगितलेच पाहिजे.

पेशव्यांचे दफ्तर याच शहरात रुमालांत बांधून शतकाहून अधिक काळ टिकले, आणि आपल्याला आपलीच हजेरीपत्रके, सभावृत्ते, वसतिगृहांच्या वह्या टिकविता येऊ नयेत, याचे कारण पैसा नव्हे. पैसा स्मरणिकेला मिळतो, तर कडुनिंबाच्या पाल्याला आणि कोरड्या कपाटाला का मिळू नये?

शेवटी, आपण कोणाला विसरता याबद्दल थोडे. वामन शिवराम आपटे हे फर्ग्युसनचे पहिले प्राचार्य. त्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश १८९० साली निघाला, १८९२ साली वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी ते वारले, आणि आजही जगात जेथे जेथे कोणी संस्कृत शिकतो तेथे तेथे त्यांचा कोश उघडला जातो. परंपरेच्या पानावर मात्र त्यांचा क्रमांक नटनट्यांच्या नंतर लागतो, लागलाच तर. दामोदर धर्मानंद कोसंबी फर्ग्युसनमध्ये बारा-तेरा वर्षे गणित शिकवीत होते आणि त्यांचे वडील धर्मानंद तेथेच पूर्वी पाली शिकवीत; गोव्याहून आलेल्या या पितापुत्रांनी बौद्ध विद्या आणि भारतीय इतिहासलेखन यांचा चेहरामोहरा बदलला. पुढे मुंबईच्या नोकरीसाठी ‘डेक्कन क्वीन’ने जा-ये करणारे कोसंबी पुण्याच्या टेकड्यांवर हिंडून अश्मयुगीन हत्यारे वेचीत, त्या टेकड्यांवर सकाळी फिरायला जाणाऱ्या प्राध्यापकांपैकी किती जणांना हे सांगावे लागत नाही?

आणि इरावती कर्वे. फर्ग्युसनच्या पदवीधर, बर्लिनच्या डॉक्टर, १९३९ पासून डेक्कन कॉलेजात अध्यापन, १९५३ साली भारतातील आप्तसंबंधांच्या रचनेवरील मूलगामी ग्रंथ, पुढे ‘युगान्त’. पुण्याला यांतले काय आठवते? त्या स्कूटर चालवीत, एवढे. पुरुष विद्वानाच्या वाहनाची हकीकत त्याच्या विद्वत्तेच्या आधी सांगितल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

आता प्रत्यक्ष विनंती. पुढील वर्षीचे माहितीपत्रक छापावयास टाकण्यापूर्वी त्या यादीतील प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: या व्यक्तीचा संस्थेशी संबंध कोणता, किती वर्षे, आणि तो कसा संपला. ज्या नावापुढे हे लिहिता येत नाही ते नाव वगळावे. यादी आखूड झाली तर होऊ द्यावी. शंभर वर्षांपूर्वीची रजिस्टरे आणि सभावृत्ते अभ्यासकांना विनासंमतिपत्र पाहू द्यावीत, आणि त्यांसाठी आठवड्यातून निदान दोन दुपारी एक खोली, एक टेबल व एक जबाबदार माणूस नेमावा. माजी विद्यार्थी संघांनी वार्षिक भोजनाच्या वर्गणीतला काही हिस्सा या खोलीकडे वळवावा. हे त्यांच्या ऐपतीबाहेरचे आहे असे त्यांनी म्हणू नये. सरकारने १९३४ साली डेक्कन कॉलेज बंद केले, तेव्हा तेथील माजी विद्यार्थ्यांनी कोर्टात धाव घेतली, खटला लढविला, आणि १९३९ साली ती संस्था संशोधनसंस्थेच्या रूपाने पुन्हा उघडावयास लावली. सांकलिया, कत्रे, इरावती कर्वे यांचे कार्य तेथे झाले ते त्यानंतर. त्या फिर्यादी मंडळींची नावे ज्या संस्थेच्या दफ्तरात असतील तिने ती प्रसिद्ध करावीत. मला ती पाहण्याची उत्सुकता आहे आणि त्यासाठी अर्जही मी या पत्रासोबत पाठवीत आहे.



आपला,
पुणे शहरातील एक जुना रहिवासी व आपल्या ग्रंथालयांचा वाचक